दहाच्या सुट्टीतली गोळी

जतरूने कागद माझ्या टेबलावर आपटला तो लॉटरी लागल्यासारखा.

"बघ दीदी, बघ! डेंगू झाला की लोक प्लेटलेटसाठी देव पाण्यात घालून बसतात. आमच्या करमीच्या नऊ लाख चाळीस हजार आहेत. वाटू का लाईनीत घरोघरी?"

"आधी खाली बस आणि तोंड बंद कर," मी म्हटलं.

कागद शहरातल्या एका तपासणीच्या दुकानाचा होता. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक एक. त्याचं मला नवल वाटलं नाही, आमच्या चहाच्या बागेत दहातल्या सात बायांचं रक्त असंच पातळ. पण खाली प्लेटलेटच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण होता, आणि त्याच्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, मोठ्या डॉक्टरला दाखवा. साडेचार लाखांपर्यंत ठीक धरतात. हा आकडा त्याच्या दुप्पट. बावीस वर्षांच्या नोकरीत मी प्लेटलेट घसरलेल्या खूप पाहिल्या, इतक्या चढलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या.

"दुकानातला काय म्हणाला?"

जतरूचं हसू मावळलं. "म्हणाला, रक्ताचा कॅन्सर असला तर असंही होतं. हाडात सुई घालून बघायला लागेल. पण दीदी, तो काय डॉक्टर आहे? नळ्या धुणारा माणूस तो!" एवढं बोलून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ‘वेडा आहे तो’ असं मी म्हणावं, एवढ्यासाठीच तो आला होता. मला ते म्हणता आलं नाही.

मी राहेल तोपनो. या बागेच्या दवाखान्यात नर्स आहे. माझे आजोबा इथेच चहाची पाती तोडत मेले, आई इथेच तोडत म्हातारी झाली, आणि मी शिकले म्हणून माझ्या पाठीवर झोळीऐवजी अंगावर पांढरी साडी आली. मजुरांच्या लाईनीतल्या बाया मला तोंडावर दीदी म्हणतात आणि माघारी मिरची म्हणतात. खुशाल म्हणोत. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की मजुरांवरचा सरदारसुद्धा रस्ता बदलतो, आणि मला त्याचा अभिमानच होता.

जतरूची बायको करमी माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर. बिरसीकाकीची धाकटी लेक. बावीस वर्षांची, पाच महिन्यांची पोटुशी. आखाडात ती दर चौथ्या झुडपाशी खाली बसायला लागली होती. चुलीची माती कोरून खायची, आणि कुणी पाहिलं की पदराने तोंड पुसायची. ओठांना रंग म्हणून नव्हता. मीच जतरूच्या मागे लागून तिला शहरात तपासायला पाठवलं होतं, कारण बिरसीकाकीची थोरली, चांदो, दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती. दवाखान्यातून शहराकडे नेताना गाडीतच. रक्त थांबलं नाही, आणि मुळात अंगात होतंच किती! मूलही गेलं. त्या दिवसापासून बिरसीकाकी माझ्याशी बोलत नव्हती. समोरून आले की मान फिरवायची. मला वाटायचं, दुःख आहे, निवळेल.

त्यात लोहाच्या गोळ्यांची गोष्ट अशी. चार वर्षांपूर्वी मला एकदा बागेच्या सेक्शन अकराच्या चरात ढिगाने लाल गोळ्या सापडल्या. घरी न्यायला दिलेल्या गोळ्या बायांनी झुडपांच्या बुडाशी फेकल्या होत्या. पोट जळतं, मळ काळा होतो, मळमळतं, अशी त्यांची रड. माझं पित्त असं खवळलं की विचारू नका. सरकार गोळ्या देतं, मी उन्हातून त्या वाटत फिरते, आणि या चहाच्या झुडपांना लोह चारतात! त्या दिवशी मी ठरवलं, आता घरी गोळी द्यायचीच नाही. सकाळी दहाच्या सुट्टीत मी स्वतः सेक्शनवर जाणार, प्रत्येकीच्या हातात गोळी ठेवणार, माझ्या डोळ्यांदेखत गिळायला लावणार, ‘आ’ करायला सांगणार, जीभ वर करून बघणार, आणि मग वहीत खूण. चार वर्षं मी हे डोळ्यांत तेल घालून केलं. तापात गेले, पायाला प्लास्टर असताना गेले. जिल्ह्याच्या साहेबांनी मला कौतुकाचा कागद दिला, तो दवाखान्याच्या भिंतीवर लावलेला आहे.

आणि तरी रक्त वाढत नव्हतं. दर सहा महिन्यांनी तपासायचं, आणि तेच. सात, साडेसहा, सात. मी बायांनाच झोडपायची. "नंतर बोटं घालून ओकता, दुसरं काय! मला शिकवता?"

करमीचा कागद आला त्याच आठवड्यात बुधवारी डॉक्टर पेगू आल्या. बागेला नेमलेला डॉक्टर नाही, मिसिंग जमातीच्या या बाई नदीपलीकडून आठवड्यातून एकदा येतात, तेव्हा नुकत्याच रुजू झालेल्या. अंगाने काडी, आवाज एवढासा. मला वाटलं, ही काय टिकणार.

करमीला त्यांनी खुर्चीत बसवलं. पापणी खाली ओढून पाहिली, जीभ पाहिली, मग नखं. नखं मधोमध खोलगट झाली होती, थेंबभर पाणी राहील इतकी. "माती खातेस?" त्यांनी विचारलं. करमीने माझ्याकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतेस, मी विचारते आहे."

"थोडी," करमी म्हणाली. "चुलीची गोड लागते."

डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला. "कॅन्सर असेल असं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या, आणि जतरू एकदम उभाच राहिला. "बस. ऐक नीट. हाडाच्या आत रक्ताचा कारखाना आहे. तिथे एकाच मालातून लाल पेशीही होतात आणि प्लेटलेटही. लाल पेशीला लोह लागतं. लोहच आलं नाही, तर मालक ओरडतो, रक्त काढा, रक्त काढा, आणि कारखाना हाती येईल ते काढत सुटतो. लाल पेशी होत नाहीत, प्लेटलेटचा ढीग लागतो. लोह मिळालं की ढीग आपोआप उतरतो. एक महिना लोह देऊ आणि पुन्हा मोजू. उतरला नाही, तर मात्र हाडातली सुई. आणि हे खोटं समजू नका, तेव्हा जावंच लागेल."

"पण लोह तर ती चार वर्षं खातेय!" मी मध्ये बोलले. "माझ्या डोळ्यांदेखत. ही बघा वही." मी वही जवळजवळ त्यांच्या नाकासमोर धरली.

त्यांनी पानं उलटली. करमीच्या नावापुढे एक खूण चुकलेली नव्हती. "इतकं लोह पोटात गेलं असतं तर ही नखं अशी नसती," त्या हळू म्हणाल्या. "दीदी, उद्या मी इथेच थांबते. तुम्ही गोळी देता ते मला बघायचंय."

मला राग आला. पण म्हटलं, बघ बाई, तूही बघ.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही सेक्शन सातवर गेलो. बाया झोळ्या उतरवून सावलीच्या झाडाखाली बसल्या होत्या. चहा वाटणारे घासीकाका कावडीला दोन डबे लावून आलेच. मिठाचा, बिनदुधाचा लाल चहा, खळखळून उकळलेला, काळ्याकडे झुकलेला. बायांनी पेले पुढे केले, भाताबरोबर कुणी कोवळ्या पातीची चटणी सोडली. मी नेहमीसारखी ओळीने निघाले. हातात गोळी, "टाक तोंडात, घे घोट, आ कर." माझा आवाज त्या दिवशी जरा जास्तच चढला होता. घासीकाका माझ्यामागून पेल्यात चहा ओतत होते. चार वर्षांची आमची जोडी, हात अगदी बसलेला.

ओळ संपली. मी वळून म्हटलं, "झालं? एकीने तरी थुंकली?"

डॉक्टरांनी घासीकाकांकडून एक पेला चहा घेतला, माझ्या डब्यातली एक गोळी उचलली, दगडावर ठेचली आणि ती भुकटी चहात टाकून काडीने ढवळली. आम्ही सगळ्या वाकून बघत होतो. लाल चहा बघता बघता काळा झाला. शाईसारखा काळाभोर.

"चहात जे तुरट असतं ना, ते लोहाला धरून ठेवतं," त्या म्हणाल्या. "सोडत नाही. गोळी पोटात जाते, पण लोह अंगात फार थोडं मुरतं, बाकी तसंच बाहेर पडतं. दीदी, रोज चहाबरोबरच देता?"

"मग कशाबरोबर देणार?" मी म्हटलं. "पाण्याचा नळ तिकडे नाल्यापलीकडे. चहा तर इथे आयता..."

झुडपं छाटायची आमची लोखंडी सुरी पातीच्या रसाने काळी पडते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या आईची बोटं मरेपर्यंत काळी होती. मी ते सगळं बघितलं होतं, आणि बावीस वर्षं नर्स होते. मी वही छातीशी धरून तशीच उभी राहिले.

"आमचा चहा बंद करणार का आता?" मागून एक म्हातारी ओरडली. "त्यापेक्षा श्वास बंद करा!" बाया हसल्या. करमीही हसली. मला मात्र त्या हसण्यात बिरसीकाकीचा आवाज ऐकू येतो का, तेवढंच बघायचं होतं. ती ओळीच्या टोकाला बसली होती. हसत नव्हती. त्या काळ्या पेल्याकडे बघत होती.

परत येताना मी डॉक्टरांना चांदोचं सांगितलं. विचारलं, "माझ्यामुळे गेली का?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "सांगता येणार नाही, दीदी. पोटात जंत असतात, अनवाणी फिरतात, खायला धड नाही. रक्तस्राव कुणालाही होतो. पण हिमोग्लोबिन दहा असतं, तर गाडी पोचेपर्यंत कदाचित तगली असती. कदाचित." मला ते ‘कदाचित’ शिवीपेक्षा जास्त लागलं.

करमीकडे आता वेळ थोडा होता. डॉक्टर म्हणाल्या, गोळीवर थांबायला नको, लोह शिरेतून सोडू, दवाखान्यातच, दिवसाआड, पाच वेळा. जतरू तयार होता. पण करमी माहेरी आली होती, आणि बिरसीकाकीने दार अडवलं. मी घरी गेले तेव्हा ती अंगणात तांदूळ निवडत होती. दोन वर्षांनी पहिल्यांदा तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"माझी थोरली तुझ्या सगळ्या गोळ्या खाऊन मेली," ती म्हणाली. "एक चुकवली नाही. तूच वहीत खुणा केल्यास ना? आता तेच लोखंड धाकटीच्या शिरेत घालणार? आणि तो दुकानवाला म्हणतो, रक्तात आधीच काहीतरी जास्त झालंय. अजून घालून फोडायचंय का तिला? नाही पाठवत, जा."

"आयो, जाऊ दे ना मला," आतून करमी म्हणाली.

"तू गप गं!"

माझ्याकडे सांगायला खूप काही होतं. डॉक्टरांचा कारखाना होता, ढीग होता, नखं होती. मी ते बोलले असते तर ती म्हणाली असती, चांदोच्या वेळीही तू असंच पटापटा बोलत होतीस. तिला पटणारी गोष्ट एकच होती, आणि ती सांगितली की या लाईनीत मला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. तरी मी खाली जमिनीवर बसले.

"काकी, गोळ्यांनी चांदोला काही केलं नाही. वाईट नाही आणि भलंही नाही. त्या तिच्या अंगी लागल्याच नाहीत. तू काल तो काळा पेला पाहिलास. मी चहाबरोबर दिल्या म्हणून त्या वाया गेल्या. पोरगी इमानाने गिळत होती, आणि मी माझ्या हाताने वाया घालवत होते. चार वर्षं, सगळ्यांच्या. चूक गोळीची नाही. माझी आहे."

तिचे हात सुपात थांबले. शेजारच्या अंगणातली बाई ऐकत होती, तीही थांबली.

"चांदोने पाणी मागितलं होतं," बिरसीकाकी म्हणाली.

"काय?"

"चहाबरोबर गोळी घेतली की तिला उमळून यायचं. तुझ्याकडे पाणी मागितलं तिने. मी शेजारीच बसले होते. तू म्हणालीस, राणीसाहेबांना पाणी पाहिजे! नाल्यावर जाऊन पी, मी इथे तुझी चाकर नाही. सगळ्या हसल्या. परत तिने कधी मागितलं नाही."

मला आठवत नव्हतं. देवाशपथ सांगते, खूप आठवायचा प्रयत्न केला, तरी आठवलं नाही. मी इतक्या जणींना इतकं काही बोलले होते की तिचं एक त्यात कुठल्या कुठे बुडून गेलं होतं. मी रडायला लागले. बिरसीकाकी रडली नाही. तिने सूप बाजूला ठेवलं.

"ने तिला," ती म्हणाली. "सुई टोचशील तेव्हा तिथून उठायचं नाही. शेवटचा थेंब जाईपर्यंत बसायचं. आणि तुझ्या हातचं पाणी या घरात कुणी पिणार नाही, हे लक्षात ठेव."

मी बसले. पाचही वेळा. तपकिरी रंगाचं ते औषध नळीतून थेंब थेंब उतरताना करमी माझ्याशी गप्पा मारायची, मी हूं हूं करायची आणि तिची नाडी बघायची. बिरसीकाकी दाराशी उकिडवी बसून असायची, स्वतःच्या घरून पाण्याची बाटली आणून. तिसऱ्या वेळी करमीला हुडहुडी भरली. काकी एकदम उठून उभी राहिली. मी औषध थांबवलं, घोंगडी घातली, अर्ध्या तासाने हुडहुडी उतरली. "चालू करू?" मी काकीलाच विचारलं. तिने पोरीकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

महिना झाला. भादव्यातली करम पूजा होऊन गेली होती. रक्त पुन्हा शहरात पाठवलं, आणि जतरू कागद घेऊन आला तो या वेळी गुपचूप आला, दारातच थांबला. "तूच वाच. मला बाण बघायचा नाही," तो म्हणाला. मी घडी उलगडली. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ. प्लेटलेट चार लाख दहा हजार. बाण नव्हता.

"उतरल्या रे," मी म्हटलं. "मेल्या, उतरल्या!"

"म्हणजे वाटायला काही उरलं नाही," तो म्हणाला आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडला.

पूस महिन्यात करमीला मुलगी झाली, आमच्याच दवाखान्यात. रक्त गेलं, जायचं तेवढं. पण अंगात अकरा होतं, आणि तिने ते सोसलं. बिरसीकाकीने नातीला उचलून बाहेर उन्हात नेलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

भिंतीवरचा कौतुकाचा कागद मी काढून ठेवला. गोळी आता दहाच्या सुट्टीत देत नाही. दुपारी पातीचं वजन होतं तेव्हा देते, चहापासून लांब, आणि पाणी मी स्वतः नेते, दोन कळशा, नाल्यापलीकडच्या नळावरून. घासीकाका चिडवतात, "काय गं राहेल, माझी नोकरी घेतेस काय?" वाटेत खांदा भरून येतो. आवाज अजून चढतो माझा, खोटं कशाला बोलू, पण कुणी काही मागितलं की आधी थांबते. बाया आता मला माघारी काय म्हणतात ते मी विचारत नाही. चांदोचं सगळ्या लाईनीला कळलं आहे.

हिवाळ्यात तोडणी बंद होती. फागुनात नवी पाती फुटली आणि वजनाची ओळ पुन्हा लागली. बिरसीकाकीही ओळीत होती. तिची पाळी आली तेव्हा मी गोळी पुढे केली आणि पाण्याचा पेला तसाच कळशीवर ठेवला, कारण ती स्वतःची बाटली आणते. त्या दिवशी तिच्या हातात बाटली नव्हती.

तिने हात पुढे केला. मी पेला भरून दिला. तिने लगेच तोंडाला लावला नाही. हंडिया, म्हणजे आमची तांदळाची दारू, पिण्याआधी आम्ही मेलेल्यांच्या नावाने चार थेंब जमिनीवर सोडतो. पाण्याचे कुणी सोडत नाही. ती वाकली, अर्धा पेला सावकाश मातीत ओतला, आणि ओठातल्या ओठात लेकीचं नाव घेतलं.

मग उरलेलं पाणी हातात धरून ती मला म्हणाली, "दे गोळी."